पोतं उचलणार कोण? सेन्गोकू जपानातल्या गॉब्लिनांचा डाव घरी मांडताना

हा टेबलाभोवती बसून, पात्रं होऊन, बोलत आणि फासे टाकत खेळायचा खेळ. त्यात खेळाडू गॉब्लिन होतात, म्हणजे परदेशी गोष्टींतली बुटकी, खोडकर भुतं. आमच्या पहिल्या डावात गॉब्लिनांनी दुसऱ्याच बैठकीत डोंगरी किल्ला घेतला आणि खेळ तिथेच आटोपला. पुढे करायला काही उरलंच नाही. चूक माझी होती. मी त्यांना तलवारी दिल्या, चिलखतं दिली, अंगात भरपूर जीव दिला. कागदावर गॉब्लिन लिहिलं होतं, टेबलाभोवती मात्र बुटके सामुराई बसले होते. दुसऱ्या खेपेला मी सगळं काढून घेतलं आणि पुढ्यात एकच प्रश्न ठेवला: हिवाळ्यात खाणार काय? तो डाव अकरा बैठका चालला.

खालचा आराखडा त्या दुसऱ्या डावाचा आहे. सामान थोडं लागतं: सहा बाजूंचे दोन फासे, चौकटीची वही, पेन्सिली आणि वाटीभर चिंचोके. खेळाडू तीन किंवा चार, आणि गोष्ट सांगून बाकीचं जग चालवणारा एक सूत्रधार. पाच खेळाडू झाले की मसलतीतच रात्र जाते, असा अनुभव आहे.

आधी गाव आणि साल पक्कं करा

नुसतं ‘जुनं जपान’ म्हणून सुरुवात केलीत तर चेरीची फुलं, निन्जा आणि चहा समारंभ यांची खिचडी होते. १४६७ मध्ये क्योतोत ओनिन युद्ध पेटलं, ते दहा वर्षं चाललं आणि राजधानीची राख झाली. त्यानंतर शंभरेक वर्षं जो तो सरदार दुसऱ्याच्या उरावर. हाच सेन्गोकू काळ. यातला एक प्रांत आणि दोन-तीन वर्षं उचलायची, जास्त नको.

मी कागा घेतो. हा आजच्या इशिकावा प्रांतातला भाग, जपानच्या पश्चिम किनाऱ्यावरचा. इथे १४८८ मध्ये शेतकरी, गावोगावचे छोटे जमीनदार आणि जोदो शिन्शू या बौद्ध पंथाचे भिक्षू एकत्र उठले. त्यांनी तोगाशी मासाचिका या सुभेदाराला संपवलं आणि १५८० पर्यंत प्रांत आपल्याच हाती ठेवला. या उठावकऱ्यांना इक्को-इक्की म्हणतात. बाकीच्या मुलखात सरदार राज्य करत असताना इथे नव्वद वर्षं मठ आणि गावसभा कारभार पाहत होत्या. गॉब्लिनांना अशी जागा मानवते. कोण कुणाचं ऐकतो ते नक्की नसलं की फटी सापडतात.

दुसरं कारण भूगोलाचं. कागाच्या पाठीशी २,७०२ मीटर उंचीचा हाकुसान डोंगर आहे, तिथून तेदोरी नदी निघून समुद्राला मिळते. हिवाळ्यात सैबेरियाकडचं गार वारं जपानचा समुद्र ओलांडताना बाष्प उचलतं आणि या डोंगरांवर पुरुषभर बर्फ ओततं. वाटा बंद. ना सैन्य येतं, ना कुणाला चोरता येतं. म्हणजे हिशेबाचा दिवस निसर्गानेच ठरवून दिलाय.

डाव १५७५ च्या वसंतात सुरू करा आणि १५७७ च्या शरदात संपवा. अकरा मोसम, मोसमाला एक बैठक. पहिल्या वर्षी ओदा नोबुनागा या बलाढ्य सरदाराची फौज शेजारचा एचिझेन प्रांत परत घेते आणि कागाच्या दक्षिण भागात घुसते. एचिझेनवर शिबाता कात्सुइए हा त्याचा सेनापती बसतो. शेवटच्या शरदात उत्तरेकडून आलेला उएसुगी केनशिन हा सरदार तेदोरीच्या काठी शिबाताला मागे रेटतो. मधली दीड-पावणेदोन वर्षं तुमची.

एक पथ्य मात्र पाळा. इक्को-इक्कीचे गावकरी खरी माणसं होती. हाकुसानच्या पायथ्याशी तोरिगोए किल्ल्याच्या आसपास त्यांची शेवटची झुंज १५८२ पर्यंत चालली आणि तिचा शेवट फार क्रूर झाला. टेबलावर त्यांना ‘कापायची माणसं’ करू नका. गॉब्लिन त्यांचं भात चोरतील, पण उपाशी कोण राहिलं तेही हिशेबात दिसू द्या.

गॉब्लिन म्हणजे नेमकं कोण

जपानीत गॉब्लिनला नेमका शब्द नाही. जवळचा शब्द कोओनी, म्हणजे लहान ओनी, लहान राक्षस. बौद्ध देवळांत चार दिशांचे राखणदार उभे असतात. त्यांच्या पायाखाली एक वेडंवाकडं भूत चिरडलेलं दिसतं, तसलंच. मी खेळाडूंना पहिल्याच दिवशी सांगतो: मूर्तीत तुम्ही पायाखालचे. एवढ्या एका वाक्यावर माणसं खांदे पाडून बसतात आणि आवाज बदलून बोलायला लागतात.

टोळीत चार जाती ठेवा, प्रत्येक खेळाडूला एकेक. कोओनी बळकट, पण भाजलेल्या सोयाबीनच्या दाण्यांना घाबरतो. वसंताच्या तोंडावर सेत्सुबुनच्या रात्री घरोघर दाणे उधळून ‘ओनी बाहेर, भाग्य आत’ म्हणतात, ते त्याच्यासाठीच. कप्पा पाण्यातला, डोक्यावर वाटीसारखा खळगा, त्यात पाणी. पाणी सांडलं की बळ गेलं. तानुकी, म्हणजे कुत्र्याच्या कुळातला एक जपानी प्राणी, रूप बदलतो, पण पोट सुटलेलं ते सुटलेलंच राहतं. चौथा त्सुकुमोगामी, शंभर वर्षं वापरून फेकून दिलेल्या वस्तूत जीव आला तो. आमच्याकडे एकाने फुटकी छत्री घेतली होती, दुसऱ्याने गवताची वहाण.

जाणकार म्हणतील, कप्पाचं आजचं ओळखीचं रूप पुढे एदो काळात ठरलं, तोरियामा सेकिएनची चित्रं तर १७७६ मध्ये छापली गेली. खरं आहे. पण खेळ फँटसीचा आहे, एवढी सवलत मी घेतो. कप्पा समजावताना कोकणातल्या मित्राला मी गिऱ्ह्याची आठवण करून दिली. रात्री माणसाला खोल पाण्याकडे ओढणारा म्हटल्यावर त्याला पुढचं सांगावं लागलं नाही.

कागद अर्ध्या पानाचा

तीनच गुण: अंग, कावा, छाती. एकाला २, एकाला १, एकाला ०. अंगात धावणं, उचलणं, मारणं आलं. कावा म्हणजे लपणं, फसवणं, चोरणं. छातीत पळून न जाणं.

अडचणीचं काही करायचं असेल तेव्हा दोन फासे टाका, गुण मिळवा. १० किंवा जास्त आलं तर काम झालं. ७ ते ९ आलं तर झालं, पण काहीतरी किंमत मोजून. ६ किंवा कमी आलं तर सूत्रधार बोलतो. ही तीन पायऱ्यांची पद्धत माझी नाही, बऱ्याच खेळांत आहे, पण गॉब्लिनांना ती अंगच्या कपड्यासारखी बसते. गुण ० असेल तर ३६ पैकी ६ वेळा साफ यश, १५ वेळा अर्धवट, १५ वेळा फजिती. गुण २ असेल तर नेमकं उलट: १५, १५ आणि ६. म्हणजे सर्वांत हुशार गॉब्लिनही निम्म्याहून जास्त वेळा काहीतरी सांडूनच येतो.

जीव मोजू नका. घाव बसला की म्होरक्या, म्हणजे खेळाडूचं पात्र, ‘लंगडा’ होतो, दुसरा बसला की पडतो. प्रत्येक म्होरक्यामागे पाच बिनानावाचे साथीदार. चार खेळाडू धरले तर टोळी चोवीस जणांची.

पोतं: सगळा खेळ याच्यावर उभा आहे

जपानात सरदाराची ऐपत भातावर मोजायचे. माप कोकू, म्हणजे सुमारे १८० लिटर, वजनाने दीडशे किलोच्या आसपास. एका माणसाचं वर्षाचं खाणं ढोबळमानाने तेवढंच. गॉब्लिन माणसाच्या निम्मं खातो असं धरा. चोवीस जणांना वर्षाला १२ कोकू, मोसमाला ३. गवताच्या पोत्याचं माप तेव्हा प्रांतागणिक वेगळं असायचं. खेळापुरतं मी साठ किलोचं धरतो. साडेसात पोती होतात, आपण आठ म्हणू.

आता वाटीतले चिंचोके काढा. एक चिंचोका म्हणजे एक पोतं. प्रत्येक मोसमाच्या शेवटी आठ चिंचोके परत वाटीत जातात. एक कमी पडला की तीन साथीदार उपाशी. इतर मोसमात ते टोळी सोडून जातात, हिवाळ्यात परत येत नाहीत. सुरुवातीला सहाच चिंचोके द्या. खेळाडू लगेच मोजतात आणि एकमेकांकडे बघतात.

खरी गंमत पुढच्या नियमात आहे: साठ किलोचं पोतं उचलायला दोन गॉब्लिन लागतात, आणि त्यांचे हात अडकलेले असतात. आठ पोती आणायची तर सोळा जण हमाल झाले. उरले आठ. त्यातले दोन टेहळणीला, एक वाटाड्या, आणि कोठाराचं कुलूप बघायला कुणीतरी हवं. लढायला कोण? ही वजाबाकी खेळाडूंच्या डोक्यात शिरली की तुम्हाला काही सांगावं लागत नाही. ती मंडळी आपणहून गनिमी काव्यावर येतात.

आमच्या टेबलावर माझी भाची कप्पा खेळत होती. पहिल्या शरदात कोठारापाशी पोचल्यावर ती म्हणाली, “मामा, या घराला दार कसलं आहे?” मी म्हटलं, लाकडी फळ्यांचं, सरकतं. “मग दार काढते.” दार ओढ्यात टाकून तिने तराफा केला, त्यावर पाच पोती रचली आणि कप्प्याने ती अंधारात खाली ढकलत नेली. दहा हमाल मोकळे झाले. फाशावर मात्र ८ आले होते, म्हणून किंमत होती: घरात झोपलेल्या म्हातारीला वारं लागलं. तिला जाग आली. नंतर दोन बैठका त्या दाराची चर्चा गावात चालू होती, कारण भात चोरणारे पुष्कळ असतात, दार कोण नेतं?

भाताशिवायही पोट भरता येतं. हाकुसानच्या पायथ्याची माणसं डोंगर भाजून तिथे बाजरीवर्गातली धान्यं पेरायची आणि तोची झाडाची कडू बी राखेच्या पाण्यात मुरवून खायची. नियम असा ठेवा: शरदात चार गॉब्लिन बी गोळा करायला लावले तर एक पोतं धरायचं, पण कडूपणा काढायला चूल पेटवावी लागते आणि धूर दिसतो. सैनिकांकडूनही मिळेल. आशिगारू, म्हणजे साधे पायदळ शिपाई, अळूच्या देठांची दोरी मिसोत, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्यात, शिजवून वाळवायचे. वाटेत ती दोरी म्हणून वापरायची आणि भूक लागली की तुकडा तोडून उकळायचा. आमच्या टोळीने एकदा छावणीतल्या घोड्यांच्या दोऱ्या खाल्ल्या. घोडे सुटले. तसा कुणाचाच बेत नव्हता.

मोसम चालवायचा कसा

प्रत्येक बैठकीचे तीन भाग: मसलत, मोहीम, हिशेब. मसलतीत प्रत्येक म्होरक्या साथीदारांना एकच काम देतो: गोळा करणं, टेहळणी, खोदकाम किंवा मोहीम. वीस मिनिटांची वाळू लावा, नाहीतर हे लोक पंचायत भरवतात.

वसंतात बर्फ वितळतं, नद्या फुगतात, कोठारं रिकामी असतात. चोरण्यासारखं फार नसतं, पण टेहळणीला हाच काळ. उन्हाळ्याच्या सुरुवातीला जून-जुलैचा पाऊस. रोपं लागलेली, गावकरी दिवसभर चिखलात. शरदात कापणी आणि सगळ्यांचीच भूक. शत्रूचं उभं पीक कापून न्यायचं हा त्या काळच्या लढाईचा भागच होता. म्हणून शरदात सूत्रधाराने फौज जरूर आणावी: शिपाई भात कापताहेत, गावकरी डोंगरात पळालेत आणि मधल्या रात्री शेतात कुणीच नाही. हिवाळ्यात मोहीम नाही. फक्त हिशेब, गुहेतली भांडणं, आणि एखादा पाहुणा. आमच्याकडची सगळ्यात चांगली बैठक हिवाळ्याची होती: एक जखमी शिपाई गुहेच्या तोंडाशी आला आणि त्याला खायला द्यायचं की नाही यावर दोन तास गेले.

रात्रीची मोहीम आणि बोंब

वहीच्या पानावर गाव काढा, एक चौकट म्हणजे दोन मीटर. कडेला सहा रिकामी घरं, म्हणजे चौकोन, काढा, वर लिहा ‘बोंब’. दर आवाजाला, दर अर्धवट यशाला वाटलं तर एक घर भरा. तीन भरली की कुत्री भुंकतात. चार भरली की देवळाची घंटा. सहा भरली की जवळच्या गढीतून शिपाई निघतात. ही घरं खेळाडूंसमोर उघडी ठेवा. मी सुरुवातीला लपवून ठेवली होती, त्याने भीती वाढण्याऐवजी नुसता गोंधळ वाढला. पाच घरं भरलेली दिसत असताना ‘अजून एक पोतं’ म्हणणारा खेळाडू हवा असेल तर ती दिसलीच पाहिजेत.

लढाई झालीच तर

गॉब्लिन एका खेळीत पाच चौकटी धावतो, पोतं घेऊन दोन. माणूस चार. या तीन आकड्यांतच पाठलाग आला.

उघड्या जमिनीवर सामुराईसमोर फासे नाहीत. तो दर खेळीला एक साथीदार मारतो, विषय संपला. त्याला पाडायचं तर तीनपैकी दोन गोष्टी जुळवून आणा: तीन बाजूंनी वेढा, पाय घसरेल अशी जमीन, किंवा त्याला दिसत नाही अशी वेळ. जुळल्या तरच फासे टाकायला मिळतात. पहिल्यांदा खेळाडू कुरकुरतील. करू द्या.

भालाईत वेगळा. ओदाच्या फौजेत पाच-सहा मीटर लांबीचे भाले होते, म्हणून तो तीन चौकटींवरून मारतो. पण एकदा बगलेत शिरलात की भाला म्हणजे नुसता बांबू. तोड्याची बंदूक जपानात १५४३ मध्ये तानेगाशिमा बेटावर पोर्तुगिजांबरोबर आली, आपल्या डावापर्यंत ती सर्रास झालेली आहे. ती एका खेळीत उडते आणि पुढच्या तीन खेळ्या भरण्यात जातात. पावसात चालत नाही. रात्री पेटलेल्या तोड्याचा लाल ठिपका लांबून दिसतो, त्यामुळे अंधारातही बंदूकवाल्याची सोंगटी पटावर उघडी ठेवायची. कप्प्याने ओंजळभर पाणी नेमकं तिथे मारावं, यासाठीच हा नियम केला होता. पण ते कुणाला सुचायला चार बैठका लागल्या.

अजून एक बारीक गोष्ट. लढाईनंतर शिपाई शत्रूची मुंडकी घेऊन बक्षीस मागायला जात. गॉब्लिनच्या मुंडक्याला कोण काय देणार? म्हणून मोठी मुंडकी दिसत असताना शिपाई गॉब्लिनाच्या मागे लागत नाही. टोळीचं हे एकमेव चिलखत.

आणि कप्पा. त्याला कुणी वाकून नमस्कार केला तर तोही वाकतोच, पाणी सांडतं. लोककथेतला हा भाग नियमात घ्या: छातीचा फासा, ७ च्या खाली आला की वाकला. दुसऱ्या वर्षी एका भिक्षूने आमच्या कप्प्याला शांतपणे नमस्कार केला तेव्हा भाची खुर्चीतून उठून उभी राहिली होती.

तीन सत्ता

इक्को-इक्की, शिबाता, उएसुगी. प्रत्येकासाठी शून्य ते पाच अशी एक पट्टी आखा: त्यांचं तुमच्याकडे किती लक्ष आहे. चोरी पकडली गेली, धूर दिसला, दार गेलं, की एक घर वर. पाचला पोचलं तर ती सत्ता तुमच्यावर खास माणूस सोडते: इक्कीचा भिक्षू, शिबाताचा शिकारी, उएसुगीचा टेहळ्या. एका मोसमात कुणीच डिवचलं नाही तर एक घर खाली.

खेळाडूंना लवकरच कळतं की लक्ष एकाकडून दुसऱ्याकडे ढकलता येतं. शिबाताच्या शिपायांच्या वहाणा घालून इक्कीचं कोठार फोडायचं, वगैरे. यात त्सुकुमोगामी वहाण फार कामाला आली.

शेवटची बैठक

१५७७, शरद. केनशिन येतोय कळल्यावर शिबाताची फौज रात्री माघारी वळते, नदी फुगलेली आहे, पाठीवर उएसुगीचे घोडेस्वार. पुष्कळ शिपाई पाण्यात गेल्याचं जुन्या नोंदी सांगतात. लढाईच्या आकड्यांवर अभ्यासकांत वाद आहेत, आपल्याला ते लागत नाहीत. पटावर नदी काढा, मध्ये दोन उतार, म्हणजे चालत ओलांडता येईल अशा जागा, अलीकडे रसदीच्या गाड्या. प्रत्येक गाडीवर चार पोती. फौजेच्या सोंगट्या तुम्ही हलवायच्या, दर खेळीला पाण्याच्या दिशेने, न थांबता. त्यांच्याशी लढायचं नाही. त्यांच्या पायांमधून वाट काढायची.

आमच्या टोळीत त्या रात्री सतरा जण उरले होते आणि वाटीबाहेर दोन चिंचोके होते. सतरा जणांना हिवाळ्यासाठी सहा पोती लागत. एका गाडीपाशी चौघे पोचले, दोन पोती उचलली, आणि कप्पा मात्र पाण्यातच थांबला, कारण एक शिपाई बुडत होता आणि त्याच्या पाठीला अळूच्या देठांची अख्खी गुंडाळी बांधलेली होती. भाचीने विचारलं, दोरी किती पोत्यांएवढी धरशील? मी म्हटलं, अर्धं. ती म्हणाली, आणि शिपाई जिवंत आणला तर?